प्रबंधोच्छेदाची कारणे : राजशेखर, त्रिपुरी आणि संज्ञापनाचा इतिहास

संज्ञापनाच्या सिद्धांतांचा इतिहास आपल्या विद्यापीठांतून शिकवला जातो तो बहुधा इ.स. १९४८ पासून. त्या वर्षी हॅरल्ड लासवेल यांनी कोण बोलतो, काय बोलतो, कोणत्या मार्गाने, कोणाशी आणि कोणत्या परिणामाने, असे पाच प्रश्न मांडले. त्याच वर्षी क्लॉड शॅनन यांचा संज्ञापनाच्या गणिती सिद्धांतावरील निबंध प्रसिद्ध झाला. चिन्हमीमांसेचा अभ्यासक थोडा मागे जातो आणि फेर्दिनां द सोस्यूर यांच्या १९१६ मध्ये, मृत्यूनंतर, छापल्या गेलेल्या व्याख्यानांपासून आरंभ करतो. भारतीय सामग्री येते ती शेवटच्या प्रकरणात. रस, ध्वनी, साधारणीकरण या संज्ञा तेथे पाश्चात्य आकृतीच्या शेजारी मांडल्या जातात आणि दोहोंत साम्य आहे असे सांगून प्रकरण संपवले जाते. या पद्धतीत एक मूलभूत दोष आहे. आकृतीच्या शेजारी आकृती ठेवल्याने इतिहास घडत नाही. संदेश कोणत्या पृष्ठभागावर लिहिला गेला, तो कोणी लिहून घेतला, किती प्रतींत तो पसरला, कोणत्या उच्चाराने वाचला गेला आणि कशामुळे नष्ट झाला, हे प्रश्न विचारल्यावाचून संज्ञापनाचा इतिहास लिहिता येत नाही. आपल्या परंपरेत हे प्रश्न विचारणारा एक ग्रंथकार होऊन गेला. त्याचे नाव राजशेखर.

राजशेखराचा एक पाय कनौजात तर दुसरा त्रिपुरीत होता. कनौजचा गुर्जर-प्रतिहार राजा महेंद्रपाल याचा तो गुरू. पुढे महीपालाच्या काळातही त्याचा त्या दरबाराशी संबंध होता, आणि ‘विद्धशालभंजिका’ ही त्याची नाटिका कलचुरी राजा युवराजदेव पहिला याच्या सभेसाठी रचली गेली. त्रिपुरी म्हणजे जबलपूरच्या पश्चिमेचे आजचे तेवर. जबलपूरहून भेडाघाटचे संगमरवरी कडे पाहायला जाणारा प्रवासी याच गावाच्या अंगाने जातो. तेथे उतरणारे थोडे. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी सागर विद्यापीठातर्फे १९५२ मध्ये येथे उत्खनन केले, आणि वासुदेव विष्णु मिराशी यांनी कलचुरी-चेदी संवताच्या लेखांचा महाग्रंथ १९५५ मध्ये सिद्ध केला. या दोन मराठी विद्वानांमुळे या जागेची ओळख आपल्या पिढीपर्यंत पोहोचली. राजशेखर स्वतःला यायावर कुळातला म्हणवतो आणि आपला पणजा अकालजलद याला महाराष्ट्राचा चूडामणी म्हणतो. एवढ्यावरून तो ‘आपला’ की ‘त्यांचा’ यावर मराठीत पुष्कळ शाई खर्च झाली आहे. हा वाद मला फारसा फलदायी वाटत नाही. ज्याने आपल्या कुळाचे नावच ‘फिरता’ या अर्थाचे सांगितले, त्याला एका प्रांतात बसवण्याचा खटाटोप कशासाठी? मात्र एक गोष्ट खरी, की दोन दरबार, निरनिराळ्या भाषा आणि सतत बदलणारे श्रोते यांचा अनुभव त्याच्या ‘काव्यमीमांसे’त पदोपदी जाणवतो. या ग्रंथात तो स्वतःच्या नाटकांतील श्लोक उदाहरणादाखल घेतो. तेव्हा ती नाटकांनंतरची, म्हणजे सामान्यतः दहाव्या शतकाच्या पूर्वार्धातील प्रौढ रचना मानावी लागते.

‘काव्यमीमांसा’ अलंकारशास्त्राच्या पठडीतली नाही, ही तक्रार जुनी आहे. रस किंवा ध्वनी यांचा पद्धतशीर ऊहापोह तिच्या उपलब्ध भागात नाही. त्याऐवजी कवीचे घर, त्याची दिनचर्या, त्याचे नोकर, लेखनसाहित्य, वाचनाच्या ढबी, देशोदेशीचे भूगोलज्ञान, दुसऱ्याच्या शब्दांचे आणि अर्थांचे हरण अशा विषयांना प्रकरणेच्या प्रकरणे दिलेली आहेत. म्हणून तिला कविशिक्षेचा ग्रंथ म्हणून बाजूला ठेवण्याकडे कल राहिला. परंतु माध्यमाच्या प्रश्नाने तिच्याकडे पाहिले, की हा विस्कळीतपणा एका सूत्रात येतो. शब्द कवीच्या मनातून निघून लोकांपर्यंत कसा पोहोचतो, वाटेत त्याचे काय होते, हे ते सूत्र होय.

चौथ्या अध्यायात राजशेखर प्रतिभेचे दोन भाग करतो. कवीला उपकारक ती कारयित्री, भावकाला उपकारक ती भावयित्री. येथे भावक म्हणजे निव्वळ ग्राहक नव्हे, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. शॅननच्या आकृतीत ग्राहकयंत्र प्रेषकयंत्राच्या उलट क्रिया करते. संदेश जसा गेला तसा मिळाला की काम झाले. राजशेखराचा भावक असे यंत्र नाही, कारण त्याला स्वतंत्र प्रतिभा आहे. तिच्यावाचून कवीच्या व्यापाराचा वृक्ष वांझ राहतो असे तो म्हणतो. कवी आणि भावक एकच का, या प्रश्नावर तो आचार्यांचे ‘एकच’ हे मत देतो आणि लगेच कालिदासाच्या नावाने विरुद्ध मत मांडतो: एका दगडातून सोने निघते, दुसरा दगड ते पारखतो. मग तो भावकांचे चार प्रकार करतो. अरोचकी याला काही रुचतच नाही. सतृणाभ्यवहारी गवतासकट सर्व गिळतो. मत्सरी याला गुण दिसूनही तो बोलत नाही. आणि तत्त्वाभिनिवेशी हजारांत एखादा. स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांविषयी लिहिताना संदेशाच्या वाचनाच्या तीन भूमिका कल्पिल्या होत्या: मान्यतेची, वाटाघाटीची आणि विरोधाची. दोन्ही वर्गीकरणे शेजारी ठेवण्याचा मोह होतो. पण हॉलच्या भूमिका वर्गीय स्थानातून येतात, राजशेखराच्या स्वभावातून. आणि मत्सरी भावकाला हॉलच्या आकृतीत जागाच नाही. संदेश पूर्णपणे समजलेला आहे आणि म्हणूनच तो दाबला जातो, ही संज्ञापनाची अवस्था कोणत्याही रेषीय प्रतिमानात बसत नाही. साहित्यव्यवहारात मात्र ती नित्याची आहे, हे या खंडाच्या वाचकांना सांगायला नको.

याच अध्यायात माध्यमाविषयीची एक उपमा येते. तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. पोथ्यांत लिहिलेली काव्ये घरोघरी आहेत, असे राजशेखर म्हणतो. भावकांच्या मनाच्या शिलापट्टावर कोरली गेलेली मात्र दोन-तीनच. कवीच्या मनातच राहिलेल्या काव्याचा उपयोग काय, भावक ते दाही दिशांना नेतात तेव्हाच ते काव्य, असेही तो सांगतो. पोथी आणि शिला ही दोन माध्यमे त्याने येथे समोरासमोर आणली आहेत. कॅनडातील अर्थेतिहासकार हॅरल्ड इनिस यांनी १९५० च्या सुमारास माध्यमांचा कल दोन प्रकारचा असतो असे प्रतिपादन केले: दगडासारखी जड माध्यमे काळावर मात करतात, कागदासारखी हलकी माध्यमे अंतरावर. राजशेखराची पोथी इनिसच्या हलक्या माध्यमासारखीच घरोघरी जाते. पण शिला त्याने बाहेर ठेवली नाही, ती माणसाच्या मनात नेली. टिकाऊपणा हा पदार्थाचा गुण न राहता भावकाचा गुण झाला. आणि तोच भावक काव्य दिशोदिशी नेणाराही आहे. म्हणजे काळ आणि अंतर या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या ठिकाणी एकवटल्या.

ही उपमा केवळ कविकल्पना नव्हती. कलचुरींचा प्रदेश प्रशस्तिलेखांनी समृद्ध आहे, आणि त्यांपैकी एक लेख या प्रश्नाला थेट भिडतो. बिलहरी हे गाव पूर्वी जबलपूर जिल्ह्यात होते. १९९८ पासून ते कटनी जिल्ह्यात आहे. तेथील शिलालेख युवराजदेव दुसऱ्याच्या काळातला, म्हणजे दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे. युवराजदेव पहिल्याची राणी नोहला हिने बांधलेल्या शिवमंदिराचा वृत्तान्त त्यात येतो. या लेखाच्या एका श्लोकात रचनेची बांधणी इतकी सुश्लिष्ट आहे, की कवी राजशेखरानेही विस्मित होऊन तिची स्तुती करावी, असे म्हटले आहे. आणि ही कृती व ही कीर्ती कल्पान्तापर्यंत टिको, अशी इच्छा व्यक्त केली आहे. ‘कीर्ती’ हा शब्द येथे दुहेरी अर्थाने वाचावा लागतो, कारण लेखांच्या भाषेत कीर्ती म्हणजे यश आणि कीर्ती म्हणजे मंदिरासारखी वास्तूही. चिन्हक आणि चिन्हित यांचे असे एकरूप होणे सोस्यूरच्या सिद्धांताला अडचणीचे आहे. त्याच्या मते चिन्ह यादृच्छिक असते. येथे मंदिर हेच यशाचे चिन्ह आणि मंदिर हेच यश. मात्र या कथेला दुसरीही बाजू आहे. कल्पान्तापर्यंत जागेवर राहावी अशी अपेक्षा असलेली ही शिला आज बिलहरीत नाही, ती नागपूरच्या संग्रहालयात आहे. आपल्या मंदिरापासून तुटलेला लेख आता वेगळ्याच वाचकांशी बोलतो. इनिसच्या जड माध्यमालाही बैलगाडी मिळाली की ते चालू लागते.

भेडाघाटच्या चौसष्ट योगिनी मंदिरात चिन्हविचाराचे आणखी एक उदाहरण आहे. तेथील योगिनींच्या पीठांवर त्यांची नावे कोरलेली आहेत. मूर्ती बोलकी असेल तर खाली नाव कशाला? या प्रश्नाचे उत्तर राजशेखराच्या नाटिकेत अप्रत्यक्षपणे सापडते. ‘विद्धशालभंजिका’ या नावाचाच अर्थ कोरलेली पुतळी. लाटदेशाच्या राजाची मुलगी मृगांकावली ही मुलाच्या वेषात राणीकडे पाठवलेली असते. राजा तिला स्वप्नसदृश अवस्थेत पाहतो, नंतर तिची प्रतिमा पुतळीत पाहतो, आणि मूळ व्यक्तीचा शोध घेत राहतो. इकडे राणी राजाची थट्टा करण्यासाठी त्या ‘मुला’ला स्त्रीवेष देऊन त्याच्याशी राजाचे लग्न लावते. लग्न खरे ठरते, कारण वेष खोटा नव्हताच. खोटे म्हणून पाठवलेले चिन्ह येथे खरे निघते आणि प्रेषकच फसतो. राणीने हा विनोद आधी विदूषकावर केलेला आहे. त्याला स्त्रीवेषातल्या दासाशी बोहल्यावर चढवले होते. तोच संकेत, तोच प्रेषक. पण एकदा हेतू सिद्ध होतो आणि एकदा उलटतो. चिन्हाचा अर्थ प्रेषकाच्या हेतूत नसतो, हे सांगायला नाटककाराला सिद्धांताची गरज पडली नाही. पीठावर कोरलेले नाव म्हणजे मूर्तीचा वेष चुकीचा वाचला जाऊ नये यासाठी घेतलेली दक्षता होय, असे मला वाटते.

अर्थाच्या या अस्थिरतेवर ‘काव्यमीमांसे’त सर्वांत स्पष्ट बोलते ती अवंतिसुंदरी. ती राजशेखराची चाहमान कुळातली पत्नी. ‘कर्पूरमंजरी’ हे संपूर्ण प्राकृतातले सट्टक तिच्या इच्छेने रंगभूमीवर आले. तिची मते राजशेखर नाव घेऊन नोंदवतो. वस्तूला ठरावीक स्वभाव नसतो, चतुर बोलण्याच्या ढबीतून तिचे रूप समोर येते, असे ती म्हणते. चंद्राची स्तुती करणारा त्याला अमृतकिरणांचा म्हणेल. निंदा करणारा धूर्त त्यालाच दोषाकर म्हणेल. ‘दोषाकर’ म्हणजे रात्र करणारा, आणि दोषांची खाणही. एकच पदार्थ, दोन शब्द. त्यांपैकी एका शब्दाच्या पोटात पुन्हा दोन अर्थ. राजशेखर यावर निर्णय देताना दोन्ही पक्ष योग्य म्हणून मोकळा होतो. त्याने पत्नीला सावध पाठिंबा दिला असे वाटते. शब्दपाकाच्या चर्चेतही तिचा स्वर तितकाच स्वतंत्र आहे. एका पदाच्या जागी दुसरे पद बसवता येत नाही तोच पाक, या वामनपंथीयांच्या मतावर ती म्हणते की ही तर अशक्ती झाली. एकाच वस्तूवर मोठ्या कवींचे अनेक पाठ असतात आणि सगळे पिकलेले असतात. संस्कृत काव्यशास्त्रात नावानिशी नोंदलेली स्त्रीची मते फार थोडी. हेमचंद्राच्या ‘देशीनाममाले’त देशी शब्दांच्या अर्थांसाठी अवंतिसुंदरीचे नाव येते; ती हीच, असे मानण्याकडे अभ्यासकांचा कल आहे. तिचा स्वतंत्र ग्रंथ उपलब्ध नाही. इतरांच्या पोथ्यांच्या आश्रयानेच ती आपल्यापर्यंत आली.

आता वाटेतल्या अडथळ्यांचा विचार. शॅनन ज्याला कोलाहल म्हणतो तो वाहिनीत बाहेरून शिरतो. राजशेखराच्या सातव्या अध्यायात वाचनाच्या प्रादेशिक ढबींचे जे वर्णन आहे, ते वाचताना कोलाहल कोणी ठरवायचा हा प्रश्न उभा राहतो. काशीच्या पूर्वेचे लोक संस्कृत चांगले वाचतात, प्राकृतात त्यांची जीभ बोथट होते. गौडांच्या प्राकृत वाचनाला कंटाळून सरस्वती ब्रह्मदेवाकडे अधिकार सोडण्याची परवानगी मागते. कर्णाटकातले कोणताही रस असो, शेवटी टणत्कार करतात. द्रविड गद्यही गाऊन वाचतात. लाटदेशीयांना संस्कृताचा द्वेष, पण प्राकृत ते लालित्याने बोलतात. काश्मिरींचे वाचन कानात गुळवेलीची गुळणी केल्यासारखे. आणि पांचालांचे? कानात मध. पांचाल म्हणजे कनौजचा प्रदेश. याच ग्रंथात पुढे भूगोल सांगताना दिशा कोठून मोजाव्यात, असा प्रश्न निघतो, तेव्हा राजशेखर महोदयाहून, म्हणजे कनौजाहून, मोजाव्यात असे स्वतःचे मत देतो. केंद्र ठरले की परिघावरचा प्रत्येक उच्चार दोष होतो. या वर्णनात विनोद पुष्कळ आहे आणि तो मुरलेला आहे. पण दरबारी प्रमाणभाषा आपल्या कानाला जगाचा कान समजते, याचा हा दहाव्या शतकातला पुरावाही आहे. मराठी प्रमाणभाषेच्या इतिहासात पुण्याच्या कानाने हेच केले.

हा भेद सभेच्या रचनेत दृश्य रूप घेतो. राजाने कविसभेसाठी सोळा खांबांचा, चार दारांचा मंडप उभारावा, मध्ये राजासन असावे, असे दहाव्या अध्यायात सांगितले आहे. उत्तरेला संस्कृत कवी. त्यांच्यामागे वेदवेत्ते, तार्किक, पौराणिक, वैद्य, ज्योतिषी. पूर्वेला प्राकृत कवी. त्यांच्यामागे नट, नर्तक, गायक, वादक. पश्चिमेला अपभ्रंश कवी. त्यांच्यामागे चित्रकार, रत्ने जडवणारे, सोनार, सुतार, लोहार. दक्षिणेला भूतभाषेचे, म्हणजे पैशाचीचे कवी; त्यांच्यामागे गणिका, डोंबारी, जादूगार, मल्ल, शस्त्रोपजीवी. रोमान याकबसन यांच्या सुप्रसिद्ध प्रतिमानात (व्याख्यान १९५८, मुद्रण १९६०) संज्ञापनाचे सहा घटक आहेत. त्यांपैकी संकेतप्रणाली हा एक घटक, एकवचनी. राजशेखराच्या सभेत चार संकेतप्रणाली एकाच छताखाली आहेत आणि प्रत्येकीला दिशा, व्यवसाय आणि दर्जा आहे. भाषा निवडणे म्हणजे बसायची जागा निवडणे. घरातही हीच वाटणी: कवीचे सेवक अपभ्रंशात निष्णात असावेत, दासी मागधीत, अंतःपुरातील लोक प्राकृत आणि संस्कृत जाणणारे असावेत. राजे आपल्या घरात भाषेचे नियम कसे करत, याचीही उदाहरणे तो देतो. मगधात शिशुनागाने उच्चाराला कठीण असे आठ वर्ण अंतःपुरात बंद केले. कुंतलात सातवाहनाने अंतःपुरात केवळ प्राकृत चालवले. उज्जयिनीत साहसांकाने केवळ संस्कृत. या कथांची ऐतिहासिकता बाजूला ठेवली, तरी माध्यमावर सत्ता गाजवण्याची कल्पना किती स्पष्ट होती हे दिसते.

मराठीच्या अभ्यासकाला येथे एक अस्वस्थ करणारा प्रश्न पडतो. राजशेखराच्या काळी मराठी ही बोली म्हणून आकार घेत होती. तिचे पहिले कोरीव उल्लेख, श्रवणबेळगोळ आणि अक्षी येथील, पुढच्या काही दशकांतले मानले जातात. महाराष्ट्राचा चूडामणी ज्याचा पणजा, त्या राजशेखराच्या सभेत मराठी कोठे बसली असती? सभेतली प्राकृत ही तोवर वाङ्मयीन भाषा झाली होती; बोलीचे नाते तिच्यापेक्षा अपभ्रंशाच्या बाजूशी अधिक. म्हणजे पश्चिमेला, सुतार-लोहारांसमवेत, किंवा दाराबाहेर. विशेष म्हणजे, काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न राजशेखर विदर्भातल्या वत्सगुल्मी, म्हणजे आजच्या वाशीमला लावतो. काव्यपुरुषाचे मुख संस्कृत, बाहू प्राकृत, जघन अपभ्रंश, पाय पैशाची. लग्न वाशीमला झाले, पण तेथे बोलल्या जाणाऱ्या भाषेला शरीरात अवयव मिळाला नाही. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकांनी या ग्रंथातल्या बहुभाषिकतेचे कौतुक करताना ती उतरंडीची बहुभाषिकता आहे, हे विसरता कामा नये. सर्वसमावेशक भारतीय संज्ञापनाचे प्रतिमान म्हणून तिला मिरवणे मला मान्य नाही. एक अपवाद मात्र नोंदवावा लागतो: स्त्रियाही कवी होतात, कारण संस्कार आत्म्यात राहतो, त्याला स्त्री-पुरुष हा भेद नाही, असे राजशेखर निःसंदिग्धपणे लिहितो. घरात अवंतिसुंदरी असताना दुसरे काही लिहिणे अवघडच होते.

माध्यमाच्या भौतिक बाजूकडे तर त्याचे लक्ष विलक्षण आहे. कवीजवळ फळी आणि खडू असावा, करंडा असावा, लेखणी आणि दौत, ताडपत्रे किंवा भूर्जपत्रे, ताडपत्रांसाठी लोखंडी कंटक, आणि नीट घोटलेल्या भिंतीही असाव्यात. खडू-फळी खोडण्यासाठी, पत्र टिकवण्यासाठी. मसुदा आणि पक्की प्रत हा भेद साधनांतच केलेला आहे. लेखकाचे, म्हणजे लेखनिकाचे, गुण तो कवीच्या गुणांइतक्याच गंभीरपणे सांगतो: सर्व भाषा जाणणारा, चटकन बोलणारा, सुंदर अक्षराचा, खाणाखुणा ओळखणारा, अनेक लिप्यांचा जाणकार, स्वतः कवी. इंगित ओळखणारा लेखनिक! म्हणजे शब्दाआधीचे चिन्ह टिपणारा. रेषीय प्रतिमानांत या माणसाला नाव नाही. तो वाहिनीत विरघळून गेला आहे. आपल्या परंपरेने त्याची आठवण ठेवली: ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ आणि लेखक सच्चिदानंद यांची नोंद एकत्र येते.

आणि मग येतात प्रबंधोच्छेदाची कारणे. ग्रंथ पूर्ण झाला की त्याच्या अनेक प्रती कराव्यात, असे सांगून राजशेखर तो कशाने नष्ट होतो याची यादी देतो: ठेव म्हणून दुसऱ्याकडे ठेवणे, विकणे, देऊन टाकणे, कर्त्याने देश सोडणे, त्याचे अल्पायुष्य, मोडतोड, आग, पाणी. त्यापुढे दारिद्र्य, व्यसन, अवज्ञा, मंदभाग्य आणि दुष्टांवर विश्वास ही पाच महासंकटे. नंतर पूर्ण करीन, पुन्हा शुद्ध करीन, मित्रांशी चर्चा करीन, असे म्हणणाऱ्याचाही ग्रंथ बुडतो. आपली नवी रचना एकट्या माणसापुढे वाचू नये, असेही तो बजावतो. त्याने ती स्वतःची म्हटली तर साक्षीदार कोण?

या यादीतली जवळजवळ प्रत्येक ओळ मराठी वाङ्मयेतिहासात घडून गेली आहे. महानुभाव परंपरेनुसार ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी चौदाव्या शतकारंभीच्या धामधुमीत गेली आणि शिष्यांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली, म्हणून तिच्या अनेक पिढ्यांचे अनेक पाठ झाले. त्याच पंथाने पुढे सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ग्रंथ झाकून ठेवले. दुष्टांवर विश्वास ठेवू नये हा सल्ला येथे लिपीतच उतरला. परिणामी ग्रंथ वाचले, पण वि. का. राजवाडे प्रभृतींनी ती लिपी उलगडेपर्यंत पंथाबाहेर ते जवळजवळ मुके राहिले. तुकोबांच्या वह्यांची इंद्रायणीतली कथाही याच संदर्भात पाहता येते. पाण्यात गेलेले परत आणणारा तेथे लोकांचा कंठ आहे. राजशेखराच्या भाषेत, भावकाच्या मनाची शिला.

‘काव्यमीमांसा’ स्वतः या यादीतून सुटली नाही. ग्रंथारंभी अठरा अधिकरणांचा आराखडा आहे. हाती आले आहे ते केवळ पहिले, ‘कविरहस्य’, अठरा अध्यायांचे. उरलेली सतरा अधिकरणे जळाली, भिजली, की नंतर पूर्ण करीन म्हणून राहिली, याची चर्चा विद्वानांत झाली आहे. जो भाग वाचला तो गुजरातेतील जैन ग्रंथभांडारांच्या कृपेने. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने सुरू झालेल्या प्राच्य ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून चि. डा. दलाल आणि आर. अनंतकृष्ण शास्त्री यांनी तो १९१६ मध्ये संपादून छापला. सोस्यूरची व्याख्याने ज्या वर्षी छापली गेली तेच हे वर्ष. एक ग्रंथ विद्यार्थ्यांच्या वह्यांतून जुळवलेला, दुसरा एका अष्टमांशाहूनही कमी उरलेला. दोघांचेही कर्ते मुद्रणाला साक्षी नव्हते. पुढे पन्नास वर्षांत एकाचे सिद्धांत जगभर झाले. दुसऱ्याचे फ्रेंच भाषांतर लुई रनू आणि नादीन स्तशूपाक यांनी १९४६ मध्ये केले, तरी संज्ञापनाच्या अभ्यासक्रमात तो आला नाही.

आणखी एका वाटेनेही हा ग्रंथ वाचला. हेमचंद्राने ‘काव्यानुशासना’त त्यातील मोठे उतारे जवळजवळ जसेच्या तसे घेतले. राजशेखराने शब्दहरण आणि अर्थहरण यांवर सविस्तर लिहिले होते. प्रतिबिंबासारखे हरण, चित्रासारखे हरण, सारख्या देहासारखे, परकायाप्रवेशासारखे, अशा त्याच्या पायऱ्या आहेत. तेथेच अवंतिसुंदरी हरणाला कवी कोणती निमित्ते शोधतो ती मोजते: तो अप्रसिद्ध, मी प्रसिद्ध, त्याचे बोलणे गुळवेलीचे, माझे द्राक्षांचे, त्याची भाषा अनादृत, माझी आदृत, त्याचा कर्ता दूरदेशी, त्याचे मूळच आता नष्ट झालेले. हे शेवटचे निमित्त ‘काव्यमीमांसे’लाच लागू पडण्याची वेळ जवळजवळ आली होती. आज तिच्या संपादकाला एखाद्या संशयित पाठापाशी हेमचंद्राकडे जावे लागते, आणि तेथे तो पाठ पुष्कळदा शुद्ध मिळतो.